घाटमाथ्याचे पाणी आणि वाट्याचा हिशेब

खर्डी सोडून गाडी कसाऱ्याच्या दिशेने निघाली म्हणजे मध्ये उंबरमाळीचे लहानसे स्थानक लागते. आजूबाजूस डोंगर, साग-ऐनाचे रान, भाताची खाचरे आणि पावसाळ्यात चोहोबाजूंनी धावत येणारे पाणी, असा हा मुलूख आहे. आमच्या बालपणी ह्या स्थानकाशी उभे राहून आम्ही दोन गोष्टी नित्य पाहत असू. रुळांच्या डोक्यावरून गेलेली विजेची तार आणि तिच्या बळावर मालगाडी ओढीत घाटाकडे जाणारे ते अवजड इंजिन, ज्यास रेल्वेतील माणसे ‘खेकडा’ म्हणत, ही त्यांतील पहिली. दुसरी गोष्ट दिवेलागणीची. त्या तारेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घरांतून त्या वेळी रॉकेलच्या चिमण्या पेटत. वीज आमच्या डोक्यावरून जात होती. ती आमच्या घरात उतरावयास मात्र पुष्कळ वर्षे लागली.

त्या वयात मनात आलेला प्रश्न आम्हांस आज उतारवयातही सोडीत नाही. ही वीज कोणाच्या पैशाने झाली, कोणाच्या पाण्याने व जमिनीने झाली, आणि तिच्या नफ्यात कोणास वाटा मिळाला? ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत सामान्यतः संतपुरुषांची, समाजसेवकांची व गुणवंत विद्यार्थ्यांची चरित्रे येतात, आणि ते योग्यच आहे. तथापि ह्या वर्षी आम्ही एका भांडवलवाल्या पुरुषाची कारकीर्द वाचकांपुढे ठेवीत आहो. तो पुरुष आपल्या ज्ञातीचा नव्हे, आपल्या तालुक्याचाही नव्हे. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावरील पाण्यात पैसा गुंतवून त्यातून वीज व विजेतून पुन्हा पैसा कसा निर्माण होतो, हे ह्या प्रांतात मोठ्या प्रमाणावर प्रथम ज्यांनी करून दाखविले त्यांत तो अग्रणी होता. त्याचे नाव सर दोराबजी टाटा. आज शहापूर-मुरबाडच्या घराघरांत जमिनीच्या मोबदल्याची बोलणी चालू असताना ही कारकीर्द नीट समजून घेणे आपल्या हिताचे आहे, असे आम्हांस वाटते.

खंड आणि अर्धेल

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धंद्यात पैसा दोन रीतींनी घालता येतो, आणि त्या दोन्ही रीती आपल्या शेतकरी वाडवडिलांस उत्तम ठाऊक होत्या. कोणी आपले शेत खंडाने देतो. पीक येवो अथवा बुडो, ठरलेला खंड त्यास मिळावयाचा. कोणी अर्धेलीने देतो. पीक आले तर निम्मे घरी, बुडाले तर दोघांचेही बुडाले. कर्ज म्हणजे खंड, आणि भाग, अर्थात शेअर, म्हणजे अर्धेल. कर्ज देणाऱ्यास व्याज मिळते व त्याचा मान पहिला असतो. भाग घेणाऱ्यास सर्वांचे देणे फिटल्यावर जे उरेल ते मिळते; काही न उरल्यास काहीच मिळत नाही. परंतु धंदा फळास आला तर वाढीचा सारा लाभ त्याच्याच पदरात पडतो, आणि धंदा कसा चालवावा हे सांगण्याचा हक्कही त्याचाच असतो.

आजकाल वर्तमानपत्रांतून ‘प्रायव्हेट इक्विटी’ असा शब्द येतो, तो ह्याच अर्धेलीचा नवा अवतार आहे. काही व्यवस्थापक मंडळी पेन्शन फंड, विमा कंपन्या व धनिक ह्यांचा पैसा एकत्र करितात, त्यातून एखाद्या धंद्याचे भाग विकत घेतात, चार-सहा वर्षे तो धंदा वाढवितात आणि मग आपले भाग अधिक किमतीस विकून बाजूला होतात. फार दूर जावयास नको. ‘अ‍ॅक्टिस’ नामक विलायती गुंतवणूक संस्थेने २०१७ साली ‘स्प्रिंग एनर्जी’ ही पुण्याची कंपनी उभी केली, तिच्याकरवी देशात सूर्यप्रकाशावरील व वाऱ्यावरील वीजकेंद्रे उभारली, आणि २०२२ साली ती कंपनी ‘शेल’ ह्या तेलकंपनीस सुमारे १५५ कोटी डॉलर इतक्या मोलास विकली. पाच वर्षांत पेरणी, राखण व कापणी पुरी झाली. ह्यात गैर असे काही नाही. धंद्याची ती रीत आहे. परंतु दोराबजींची रीत निराळी होती. त्यांनी पेरले आणि आयुष्य संपेतो बांध सोडला नाही.

दोराबजींचा पूर्वार्ध

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा. वडील जमशेटजी नसरवानजी टाटा. शिक्षण काही काळ केंब्रिज येथे व पुढे मुंबईस सेंट झेवियर कॉलेजात होऊन १८८२ मध्ये ते पदवीधर झाले. धनिकाच्या पुत्राने सरळ पेढीवर बसावे, तसे त्यांचे झाले नाही. प्रथम सुमारे दोन वर्षे त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’ ह्या वृत्तपत्रात काम केले आणि १८८४ साली वडिलांच्या कापडाच्या धंद्यात प्रवेश केला.

जमशेटजींच्या मनात तीन मोठे संकल्प होते: पोलादाचा कारखाना, विज्ञानाची संस्था आणि पाण्यापासून वीज. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचा अंत झाला, तेव्हा तिन्ही संकल्प अपुरे होते. दोराबजींचे वय त्या वेळी पंचेचाळीसच्या घरात. वडील गेल्यावर मुलाने वाडा विकून मोकळे व्हावे, असे प्रकार आपण पाहतो. ह्या मुलाने वडिलांचे अपुरे काम हेच आपले काम मानिले.

पोलादाच्या कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना. तेव्हा १९०७ साली हे भाग हिंदुस्थानातच विक्रीस काढण्यात आले. मुंबईतील टाटांच्या कचेरीपुढे सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांची रीघ लागली, आणि सुमारे तीन आठवड्यांत १६ लक्ष ३० हजार पौंडांचे सर्व भांडवल सुमारे ८,००० हिंदी लोकांनी उभे केले. चालू खर्चासाठी कर्जरोखे काढले, ते सर्व ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. आपल्या लोकांजवळ पैसा आहे व विश्वास बसला तर ते तो बाहेर काढतात, ही गोष्ट त्या तीन आठवड्यांनी सिद्ध केली. पाण्याच्या विजेची वाट त्यामुळे मोकळी झाली.

लोणावळ्याचे पाणी

मुंबईच्या कापडगिरण्या त्या काळी वाफेवर चालत. कोळसा बंगालकडील खाणींतून येई. तो महाग पडे व त्याच्या धुराने शहर काळवंडे. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत अपरंपार पाणी पडे व वाहून जाई. हे पाणी माथ्यावरच अडवून नळांनी घाटाखाली सोडले तर त्या पडण्याच्या जोरावर यंत्रे फिरतील, ही कल्पना मुंबईचे एक वास्तुविशारद डेव्हिड गोस्लिंग ह्यांनी पुढे मांडली व जमशेटजींनी ती उचलून धरली. लोणावळा ते खोपोली हा सुमारे १,७०० फुटांचा उतार त्यासाठी निवडण्यात आला.

आता पाहा, ह्या कामात पैसा घालणारास काय काय धोके होते. धरणे बांधून पुरी होईपर्यंत एक पैही हाती यावयाची नव्हती. इतक्या उंचीवरून पाणी सोडण्याचा अनुभव ह्या देशात फारसा कोणास नव्हता. तारा टाकून मुंबईपर्यंत वीज आणली तरी ती घेणार कोण? गिरणीमालकांची बाष्पयंत्रे जागच्या जागी चालत होती. ती मोडून अनोळखी विजेवर भरवसा ठेवण्यास पुष्कळजण कचरत. म्हणजे विहीर खणावयाची, मोट बांधावयाची, आणि शेजारी पाणी घेतील की नाही हे शेवटपर्यंत ठाऊक नाही, असा हा व्यवहार होता. म्हणूनच वीज विकत घेण्याचे दीर्घ मुदतीचे करार आधी करून ठेवणे हा वीजधंद्याचा पाया ठरला, आणि तो आजही तसाच आहे.

लंडनच्या सावकारांच्या अटी जाचक होत्या. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांनी एतद्देशीय भांडवलास उत्तेजन दिले, आणि १९१० च्या नोव्हेंबरात ‘टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी’ स्थापन झाली. सुमारे दोन कोटी रुपयांचे तिचे भांडवल संस्थानिकांनी व धनिकांनी पुरविले. त्याच वर्षी दोराबजींस ‘सर’ हा किताब मिळाला. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यास कोनशिला बसली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथे तलाव बांधण्यात आले. हजारो मजुरांनी पाऊस, थंडी व ऊन सोसून ते काम केले. कोनशिलेवर त्यांची नावे नाहीत. फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांच्या हस्ते खोपोलीची वीज सुरू झाली व मुंबईच्या गिरण्या पाण्याच्या बळावर फिरू लागल्या. पुढे १९१६ साली आंध्रा व्हॅली कंपनी निघाली व १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र चालू झाले. १९१९ साली टाटा पॉवर कंपनी निघाली, तिने १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र चालू केले. ही तिन्ही केंद्रे आजही चालतात व त्यांची एकूण क्षमता ४४७ मेगावॅट आहे. शंभर वर्षांपूर्वी बांधलेला बांध अद्याप पीक देत आहे.

अँटवर्प आणि मुळशी

येथवर चरित्र सरळ आहे. परंतु इतिहास लिहिणारास एकच बाजू लिहिता येत नाही. दोराबजींच्या कारकिर्दीतील दोन घटना एका वर्षाच्या अंतराने घडल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही.

दोराबजींस मर्दानी खेळांची आवड होती. पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींस ते गेले असता अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे त्यांच्या दृष्टीस पडली. ह्या मुलांस जगाच्या मैदानात उतरवावे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदी चमू गेला. त्याच्या खर्चाचा मोठा भार त्यांनी स्वतः उचलला. त्या चमूत बेळगावकडील फडेप्पा चौगुले होते. मॅरॅथॉनच्या शर्यतीत त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. मल्ल रणधीर शिंदे व कुमार नवले हेही होते. मातीतल्या माणसाच्या अंगचे बळ ओळखणारी ती दृष्टी होती.

आणि दुसऱ्याच वर्षी, १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, त्याच पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात मातीतली माणसे टाटा कंपनीच्या धरणाच्या कामावर जाऊन बसली. नीला व मुळा ह्या नद्यांच्या खोऱ्यातील सुमारे पन्नास गावे त्या धरणाच्या छायेत आली होती. सरकारने १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याच्या बळावर जमिनी घेऊन कंपनीस द्यावयाच्या, असा तो व्यवहार होता. पांडुरंग महादेव बापट ह्यांनी व विनायकराव भुस्कुटे ह्यांनी मावळ्यांची बाजू घेतली. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा. काही काळ काम थांबले, पुन्हा सुरू झाले. शेकडो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. १९२४ अखेर लढा मोडला. बापटांस सात वर्षांची शिक्षा झाली. लोकांनी त्यांस ‘सेनापती’ ही पदवी दिली, ती अखेरपर्यंत त्यांच्या नावामागे राहिली. धरण झाले, भाताची खाचरे पाण्याखाली गेली.

त्या लढ्यातील एक गोष्ट आपण विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. चळवळीतच पुढे दोन मते पडली. एक मत मोबदला वाढवून घ्यावा असे. दुसरे, जमीन द्यावयाचीच नाही असे. ज्याचा सावकारीचा पैसा त्या जमिनीत अडकला होता, त्यास मोबदला म्हणजे वसुलीच होती. ज्याचे पोट त्या खाचरात होते, त्यास रुपयांच्या थैलीचे करावयाचे काय हेच उमगत नव्हते. तिसरे मत मात्र कोणीही मांडल्याचे आमच्या वाचनात नाही. ते असे की, ही जमीन म्हणजे आमचे भांडवल आहे, तिची किंमत देऊन आम्हांस बाहेर काढू नका, तिच्या मोलाचे भाग आमच्या नावे लिहा. संस्थानिकाने दोन लाख घातले तर तो भागीदार. मावळ्याने पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन घातली तर तो विस्थापित. दोघांनीही आपले सर्वांत मोलाचे ते दिले. एकास अर्धेल मिळाली, दुसऱ्यास खंडही नाही. एकदाची किंमत देऊन हिशेब मिटविण्यात आला.

ह्यात दोराबजींनी कोणास फसविले असे आम्ही म्हणत नाही. त्या काळचा कायदाच तसा होता व शेतकऱ्याच्या जमिनीस भांडवल समजण्याची दृष्टी ना सरकारास होती, ना पुढाऱ्यांस. परंतु अँटवर्पला पाठविलेल्या पोराचे बळ ज्या डोळ्यांस दिसले, त्याच डोळ्यांस मुळशीच्या बापाचे भांडवल दिसले नाही, ही ह्या थोर कारकिर्दीची मर्यादा नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

गहाण आणि दान

दोराबजी स्वतः मात्र गहाण पडण्यास भ्याले नाहीत. १९२४ साली पोलादाच्या कंपनीस मजुरांचे पगार देण्याची भ्रांत पडली. तेव्हा त्यांनी आपली खासगी मालमत्ता, पत्नी मेहरबाई ह्यांच्या ‘ज्युबिली’ नामक सुप्रसिद्ध हिऱ्यासह, इंपीरिअल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी रुपयांचे कर्ज मिळविले. कारखाना तगला व कर्ज फिटले. आपल्यातील कित्येक माउलींनी बी-बियाणांसाठी मंगळसूत्र गहाण टाकले आहे. त्यांस ह्या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

१९२९ साली वीजकंपन्यांच्या व्यवस्थापनात अमेरिकन वीजभांडवल भागीदार म्हणून आले. परदेशी पैसा विजेच्या धंद्यात येणे ही गोष्ट आपण समजतो तितकी नवी नाही. १९३१ मध्ये मेहरबाई निवर्तल्या. अपत्य नव्हते. दोराबजींनी आपली सर्व संपत्ती विश्वस्तनिधीस दिली आणि ३ जून १९३२ रोजी जर्मनीत ते स्वर्गवासी झाले. त्या निधीतून परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. ते १९४१ साली उघडले. शहापूर-मुरबाडच्या कितीतरी कुटुंबांनी त्या इमारतीच्या आवारात रात्री काढल्या आहेत. पाण्यातून वीज, पोलाद, पैसा आणि पैशातून पुन्हा रुग्णसेवा, असे हे चक्र पुरे झाले. भागभांडवलाची फळे समाजाकडे परत येऊ शकतात, हाही ह्या चरित्राचा धडा आहे.

आपल्या डोक्यावरची तार

आता आपल्या मुलखाकडे वळू. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. सदतीस फुटांस एक फूट असा त्याचा चढ. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली आणि १९३० पर्यंत ती तार कल्याणहून इगतपुरीस पोहोचली. ह्या कामासाठी रेल्वेने ठाकुर्लीस कोळशावरील स्वतःचे केंद्र उभारिले. चोळा पॉवर हाऊस म्हणून ते ओळखले जाई व पुढे बंद पडले. उंबरमाळीच्या स्थानकावरून आम्ही पाहिलेली तार ती हीच.

पाण्याची कथा त्याहून जुनी. तानसा तलाव १८९२ सालचा. त्यानंतर मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा व २०१४ साली मध्य वैतरणा. आपल्या तालुक्यांच्या आसमंतातील पाण्यावर मुंबई नगरी जगते, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने वीज हे मुख्यतः राज्यांचे कार्य ठरले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आले, १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली. पुढे १९९१ साली सरकारने खासगी भांडवलास वीजनिर्मितीचे दार पुन्हा उघडले व नेमलेल्या मर्यादेत वीज निर्माण झाली तर भागभांडवलावर शेकडा सोळा इतका परतावा धरण्याची सवलत दिली. ‘एन्रॉन’ ही अमेरिकन कंपनी गुहागर तालुक्यात दाभोळचा प्रकल्प घेऊन आली. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये पुन्हा झाला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. विजेचा दर डॉलरशी व इंधनाच्या किमतीशी बांधलेला. विद्युत मंडळास ती वीज परवडेना. २००१ मध्ये केंद्र बंद पडले व त्याच वर्षी डिसेंबरात मूळ कंपनीचेच दिवाळे वाजले. अर्धेलीचा लाभ आपल्याकडे आणि बुडीत मात्र दुसऱ्याकडे, असा करार लिहिला म्हणजे तो टिकत नाही. भाग घ्यावयाचा तर धोकाही घेतला पाहिजे. दोराबजींनी तो घेतला होता.

आज आपल्या दारी

वाचक म्हणतील, ह्या साऱ्याचा आम्हांशी संबंध काय? संबंध निकटचा आहे. घाटघर येथे माथ्यावर एक धरण व खाली आपल्या शहापूर तालुक्यातील चोंढे येथे दुसरे, असा २५० मेगावॅटचा सरकारी प्रकल्प २००८ सालापासून चालू आहे. विजेची मागणी कमी असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवावयाचे, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करावयाची. जणू पाण्याच्या रूपाने विजेची कणगी भरून ठेवणे. सूर्यप्रकाशाची वीज दिवसाच मिळते, म्हणून अशा कणग्यांस आता फार मोल आले आहे. नाशिक व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर भावली येथे १,५०० मेगावॅटचा असाच प्रकल्प खासगी कंपनीने योजिला आहे. म्हणजे दोराबजींस लोणावळ्यास जे दिसले, ते आजच्या भांडवलवाल्यांस आपल्या डोंगरांत दिसू लागले आहे. समृद्धी महामार्ग तर आपल्या तालुक्यातून गेलाच. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

आमच्या एका निकटच्या आप्ताची जमीन मागे एका प्रकल्पात गेली. रक्कम मोठी मिळाली. पहिल्या वर्षी घर झाले, दुसऱ्या वर्षी मोटार आली, तिसऱ्या वर्षी दोन लग्ने थाटाने झाली. आम्हीही त्या पंगतीस जेवलो, अहेर केला आणि यजमानाची वाखाणणी केली. सावध करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आज त्याचा मुलगा ज्या आवारात पहारेकऱ्याची नोकरी करितो, तेथून त्याच्या आजोबांच्या खाचराची जागा दिसते. त्या मुलाने एकदा आम्हांस विचारिले, “काका, बापाने जमीन विकली, ते कळले. पण तिचे पैसे कुठे पेरले?” ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

जमीन देऊनही वाटा राखता येतो, ह्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. पुण्याजवळ हडपसरला सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन बाहेरच्या विकासकास न विकता एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेतले आणि स्वतःच मगरपट्टा नगर वसविले. वीजक्षेत्रातही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन विकावयाची नसते. ती भाड्याने द्यावयाची असते. हेक्टरी वर्षास सव्वा लाख रुपये व त्यात दरसाल तीन टक्के वाढ, असा तेथील ठराव आहे. हा खंड झाला. पण मालकी घरात राहते. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याने खासगी कंपनीच्या प्रकल्पास बाधित कुटुंबांपैकी शेकडा ८० ची संमती आवश्यक केली आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे ग्रामसभेचे मत घेतल्यावाचून जमीन घेता येत नाही. मुळशीच्या मावळ्यांपाशी ही शस्त्रे नव्हती. आपल्यापाशी आहेत, परंतु ती म्यानात राहिली तर त्यांचा उपयोग काय?

तेव्हा ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमचे नम्रपणे सांगणे असे. सातबाराच्या उताऱ्यावर वारसांची नावे, बहिणींची सुद्धा, आजच नीट लावून घ्यावी. बोलणी सुरू झाल्यावर ती धावपळ भांडणात संपते. एकट्याने सही करू नये; गावाने मिळून बोलावे, व किंमत विचारण्याआधी वाटा मागता येईल काय हे विचारावे. मोबदला आलाच तर त्याचे तीन भाग करावेत: एक देणी व निवारा ह्यांसाठी, एक मुलामुलींच्या शिक्षणासाठी, आणि एक भाग जमिनीची जागा घेणारा, म्हणजे दरसाल काहीतरी घरात आणणारा, मग ती दुसरी जमीन असो, बँकेतील ठेव असो वा जाणत्याच्या सल्ल्याने घेतलेले भाग असोत. दामदुप्पट करून देतो म्हणणारास दारातूनच परत पाठवावे. आणि आमच्या मंडळाने वर्षातून एकदा वकील व हिशेबनीस बोलावून शहापुरास व मुरबाडास अशा कुटुंबांसाठी बैठक भरवावी. वधूवर मेळाव्याइतकीच तिची गरज आहे.

भांडवल हे काही विशिष्ट कुळात जन्मास येणारे रत्न नव्हे. १९०७ साली टाटांच्या कचेरीपुढे उभ्या राहिलेल्या आठ हजारांत लहान ऐपतीची माणसेही होती. आपल्या वाडवडिलांच्या हाती पैसा नव्हता; घाटमाथ्याचे पाणी आणि पायथ्याची माती मात्र होती, आणि त्यांवाचून दोराबजींचेही कोटी रुपये खोपोलीस एक दिवा लावू शकले नसते. आपणही ह्या धंद्यात भांडवल घालीत आलो आहो. फक्त ते वहीत आपल्या नावे लिहिले गेले नाही. पुढची वही उघडली जात आहे. तीत आपले नाव ‘बाधित’ ह्या रकान्यात पडावे की ‘भागीदार’ ह्या, हे पुष्कळ अंशी आपल्या एकजुटीवर व सावधपणावर अवलंबून आहे.

उंबरमाळीच्या स्थानकावर आजही सायंकाळी आम्ही क्वचित जाऊन बसतो. तार तशीच डोक्यावर आहे. घराघरांत दिवेही लागले आहेत, त्याचा आनंद आहे. आता त्या दिव्याखाली बसून आपल्या मुलांनी वाट्याचा हिशेब शिकावा, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख संपवितो.